मीटरवाल्या मिंचोचं व्याख्यान

आमच्या सुहा चेश्मा गावात मिंचोला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याची एक तरी गोष्ट शेवटापर्यंत ऐकलीय असाही माणूस नाही. नोकरीभर तो घरोघरचे विजेचे मीटर वाचत हिंडला. मीटर वाचायला कितीसा वेळ लागतो? पण मिंचो दारात आला की टोपी काढायचा, मीटरच्या काचेवर फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "यावरून आठवलं." जे आठवलं ते सांगायच्या आधी त्याला त्याच्याही आधीचं सांगावं लागे, आणि त्याच्या आधी स्वतःच्या आजोबांचं. आजोबा लढाईवरून घरी पोचेपर्यंत बाईचं दूध उतू गेलेलं असे आणि पुरुषाला गाय आठवलेली असे. दार लागायचं. मिंचो मुळीच राग मानत नसे. पुढच्या घरी जाऊन, गोष्ट जिथे तुटली तिथून पुढे सुरू करायचा. पुढच्या घरच्यांना त्या गोष्टीचा शेंडा-बुडखा काही ठाऊक नसे, म्हणून ते आणखी लवकर दार लावत.

मी सेव्दा. चौकात वाचनघराच्या समोर माझं कॅफे आहे, त्यामुळे गावात काय चाललंय ते मला विचारावं लागत नाही, ते माझ्या काचेतून दिसतं. वाचनघरात पुस्तकांची खोली आहे, रंगमंच आहे, पडदा आहे आणि एक शेगडी आहे, जी पेटली तर धूर होतो आणि नाही पेटली तर लोक येत नाहीत. दर हिवाळ्यात तिथे माहितीची व्याख्यानं होतात. होतात म्हणजे डॉक्टर पान्तेलेई ती देतो. तो गुरांचा डॉक्टर, आता निवृत्त झालाय, आणि त्याचा विषय कायमचा ठरलेला आहे, मेंढीच्या पोटातले जंत. मागच्या वर्षी त्याने ते बरणीतून दाखवायला आणले होते. त्या संध्याकाळी माझ्याकडे कुणीही शेवयांचं सूप मागितलं नाही.

यंदा वाचनघराची सेक्रेटरी वेनेता म्हणाली, पुरे झाले जंत. ती तरुण आहे, तालुक्याला जाऊन प्रशिक्षण घेऊन आलीय आणि ते गावावर करून बघायची तिला घाई झालीय. मिंचो नेमका तेव्हा माझ्याकडे कॉफी पीत बसला होता. तो उठून तडक तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "मी देतो." तिने कुठल्या तंद्रीत हो म्हटलं कोण जाणे. पण लगेच भानावर येऊन अट घातली. "मिंचोकाका, अर्ध्यात लोक उठून गेले तर पुन्हा मला म्हणायचं नाही. मग डॉक्टरच बोलतील, बरणीसकट."

परत येऊन तो माझ्यासमोर बसला. कॉफी गार झाली होती, तरी प्यायला.

"सेव्दा, तुला एक सांगू?"

"थोडक्यात सांग."

"मला एकदाच, फक्त एकदाच कुणीतरी शेवटापर्यंत ऐकायला हवंय. आणि दोना पहिल्या रांगेत हवी."

दोना त्याची बायको. सगळ्या गावाने मिळून जेवढं त्याला तोडलं नसेल तेवढं एकट्या दोनाने तोडलंय. त्याने "यावरून" म्हणायचा अवकाश, ती "पुरे" म्हणते. तरी तो रोज नव्याने सुरू करतो. मी हसणार होते, पण त्याचा चेहरा बघून हसले नाही. त्याला खरंच हवं होतं ते. एवढं बोलणारा माणूस आतून इतका उपाशी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग वेनेताने त्याला प्रकार समजावले. माहितीच्या व्याख्यानाचे म्हणे चार प्रकार असतात. एखादी गोष्ट म्हणजे काय ते सांगायचं, हा एक. एखादं माणूस किंवा ठिकाण डोळ्यांपुढे उभं करायचं, हा दुसरा. अमुक असं का होतं ते उलगडून दाखवायचं, हा तिसरा. आणि एखादी गोष्ट कशी करतात ते प्रत्यक्ष करून दाखवायचं, हा चौथा. "आधी प्रकार निवडायचा काका, मग विषय, मग तोंड उघडायचं," ती म्हणाली. मिंचोने आयुष्यभर हे बरोबर उलटं केलं होतं.

झालं, त्याची तालीम माझ्या कॅफेत सुरू झाली, कारण दोनाने घरात बंदी घातली होती. पहिल्यांदा त्याने 'मीटर म्हणजे काय' हे घेतलं. उभा राहिला, खाकरला. "मीटर म्हणजे काय हे समजायचं तर आधी तार म्हणजे काय हे समजायला हवं. गावात तार आली तेव्हा माझे आजोबा लढाईवरून परत येत होते." आजोबा येता येता दुपार झाली, गिऱ्हाइकं जेवायला घरी गेली. मीटर काही आलं नाही.

मग त्याने 'कुत्री मीटरवाल्यावरच का भुंकतात' हा तिसऱ्या प्रकारातला विषय काढला. विषय चांगला होता, माझेही कान टवकारले. पण कोपऱ्यात डॉक्टर पान्तेलेई बसला होता. तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "मीटरवाला घाबरलेला असतो आणि त्याच्या खिशात सॉसेज असतं. संपलं." मिंचोचं पाऊण तासाचं व्याख्यान डॉक्टरने दोन ओळींत खाऊन टाकलं होतं. बरं, खिशात सॉसेज होतंही.

"तुमच्या जंतांना नाही कुणी मध्ये बोललं," मिंचो म्हणाला.

"जंत मुद्द्याला धरून असतात," डॉक्टर म्हणाला.

चौथा प्रकार माझ्या मुळावर आला. संत त्रिफोनाचा सण तोंडावर होता, गावभर द्राक्षवेली छाटायचे दिवस. मिंचो कात्री घेऊनच आला. "करून दाखवतो. वेल कशी छाटावी. तुझा मांडव दे." माझ्या दारात नवऱ्याच्या हातची वेल होती, उन्हाळ्यात चार टेबलांना सावली द्यायची. मी म्हटलं, एक फांदी छाट आणि थांब. त्याने एक फांदी छाटली. "पण ही फांदी छाटायच्या आधी," तो म्हणाला आणि आधीची फांदी छाटली. "आता तुम्ही विचाराल, तिच्या आधी काय?" तीही गेली. सांगण्याच्या भरात तो मागे मागे जात राहिला, तसतशी कात्रीही मागे मागे जात राहिली. आत उकळायला ठेवलेलं पाणी उतरवून मी बाहेर आले, तर मांडवावर आकाश होतं आणि जमिनीतून हातभर खुंट वर आलेला होता. मिंचो खुंटाकडे बघत उभा होता.

"फुटेल," तो म्हणाला.

मी त्या दिवशी त्याला जे काय बोलले ते इथे सांगत नाही.

राहिला दुसरा प्रकार, माणूस डोळ्यांपुढे उभं करायचं. त्याने माणूस निवडलं ते दोना. तिने ते ऐकलं आणि लाटणं हातात तसंच धरून म्हणाली, "माझं वर्णन करायचं असेल तर आधी झोपायची सोय दुसरीकडे बघ." तो विषयही गेला.

व्याख्यान शनिवारी होतं. बुधवारी मिंचोने पिशवीत पाव, चीज आणि राकियाची, म्हणजे घरच्या फळांच्या दारूची बाटली भरली आणि तो डोंगरावरच्या आपल्या मळ्यातल्या झोपडीत जाऊन बसला. म्हणाला, प्रकार ठरल्याशिवाय खाली उतरत नाही. दोनाने दारातून हाक मारून सांगितलं, तिथे भिंतींशी बोलू नकोस, त्या जुन्या आहेत.

इकडे वेनेताची पंचाईत झाली. पत्रक छापायचं होतं आणि विषय कळत नव्हता. शेवटी तिने विषयाशिवायच छापलं. आता आमच्या गावात पत्रक छापण्याचं यंत्र एकच, वेनेताचं, आणि त्यातून नव्वद टक्के पत्रकं निघतात ती मयतांची. माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि चार ओळी छापून दारावर, बसथांब्यावर, झाडावर चिकटवतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. चौकातल्या अक्रोडावर पानं गळली तरी माणसं असतात. तर वेनेताने तोच साचा उघडला, वरचा क्रॉस काढून टाकला आणि समजली की झालं काम. काळी चौकट तशीच राहिली. रंगीत शाई संपली होती. आणि मिंचोचा टाय घातलेला एकच फोटो जगात आहे, निवृत्तीच्या वेळचा. त्यात तो मुळातच गेल्यासारखा दिसतो.

फोटोखाली तिने लिहिलं, मिंचो कोलेव्ह काराद्झोव. शनिवारी दुपारी, वाचनघरात. सर्व नातलग, शेजारी आणि मित्रांनी यावे. आणि शुक्रवारी सकाळी तिच्या नवऱ्याने ते सवयीने जिथे लावतात तिथेच लावलं. मिंचोच्या फाटकावर, थांब्यावर आणि अक्रोडावर.

मी कॅफेचं दार उघडलं आणि समोर झाडावर मिंचो दिसला. माझ्या हातातून किल्ल्या पडल्या. जवळ जाऊन वाचायची गरजच वाटली नाही, असल्या पत्रकावर काय लिहिलेलं असतं ते आम्हाला तोंडपाठ आहे. मी आत येऊन पिठाच्या पोत्यावर बसले आणि रडले. खोटं कशाला सांगू, आधी वेलीच्या खुंटासाठी रडल्यासारखं वाटलं, मग कळलं की मिंचोसाठीच रडतेय. शेवटचं मी त्याला काय काय बोलले होते ते आठवत होतं.

थोड्याच वेळात कॅफे भरलं. प्रत्येकाने राकिया मागितली आणि गेलेल्यासाठी पहिला थेंब जमिनीवर ओतला. माणसं बरीच होती, थेंबही मोठे होते, फरशी चिकट झाली. म्हातारी त्रेंदा म्हणाली, "परवाच माझ्याकडे आला होता, काहीतरी सांगत होता. मी म्हटलं, जा बाबा, माझं दूध उतू जातंय. चुलीवर दूध नव्हतंच."

"समारंभ चर्चमध्ये नाही, वाचनघरात कसा?" कुणीतरी विचारलं.

"चर्चमध्ये तो फक्त मीटर बघायला जायचा," डॉक्टर पान्तेलेई म्हणाला. सगळ्यांना ते पटलं.

मी आणि डॉक्टर दोनाकडे गेलो. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून मी चीज नेलं. दोना ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. व्याख्यानाला येणाऱ्यांसाठी ती थरांमध्ये चीज भरून भाजायची बानित्सा करत होती, हे आम्हाला कुठे ठाऊक.

"दोना," मी म्हटलं, "धीर धर गं."

"इतकी वर्षं दुसरं काय केलं?"

डॉक्टर टोपी हातात फिरवत होता. "फार त्रास झाला का त्याला?"

"त्याला कसला त्रास, डॉक्टर? त्रास मला. अंथरुणात उठून बसायचा. म्हणे, दोना, मला काही सुचत नाहीये."

"शेवटी शेवटी होतं तसं," डॉक्टर हळूच म्हणाला.

"आता कुठे आहे तो?" मी विचारलं.

"वर झोपडीत. उद्या वेनेताचा नवरा गाडीत घालून थेट वाचनघरात आणणार आहे, मागच्या दाराने."

"म्हणजे तिथे एकटाच..."

"एकटा कशाला? राकियाची बाटली आहे की."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. राकियाने गेला हे आमच्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं. "देव त्याला क्षमा करो," डॉक्टर म्हणाला.

"देव करील," दोना पीठ झटकत म्हणाली. "मी उद्या बघून ठरवीन."

बाहेर पडताना डॉक्टर म्हणाला, दुःखाने बाई दगड झाली. मला त्या वेळी तिचा रागही आला आणि कीवही आली. डॉक्टर फाटकापाशी थांबून पत्रकावरच्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. "मी त्याला त्या दिवशी उगाच तोडलं," तो म्हणाला. "दोन ओळींत सांगायची काही गरज नव्हती."

शनिवारी वाचनघर गच्च भरलं. जंतांना सात माणसं येतात, तीही शेगडीजवळ बसायला. आज लोक खिडक्यांत बसले होते. बायकांच्या हातात शेवंतीची फुलं, मयताला देतात तशी सम संख्येत, आणि थाळ्यांमध्ये मयताच्या नावाने वाटतात ते साखर घातलेले उकडलेले गहू. पडदा बंद होता. सगळे धरून चालले की मिंचो पडद्यामागे आहे, आणि ते खरंच होतं. मागे वेनेता त्याला पाणी पाजत होती, कारण त्याचा प्रकार अजून ठरला नव्हता.

इतक्यात दोना आली. लाल स्वेटर घालून. गर्दी बघून तिचा चेहरा असा उजळला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. त्रेंदाने तिच्या हातात फुलं दिली. दोनाने ती घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "अगंबाई, फुलंसुद्धा?" आणि पहिल्या रांगेत मधोमध बसली.

बराच वेळ काही होईना. शेगडी धूर ओकत होती. अशा वेळी कुणीतरी शिकलेल्या माणसाने दोन शब्द बोलायची पद्धत आहे, म्हणून सगळे डॉक्टरकडे बघू लागले. डॉक्टर पान्तेलेई उठला, थाळी खुर्चीवर ठेवली आणि बोलू लागला.

"मिंचो माझ्याकडे दर महिन्याला यायचा. एकदा त्याने मला सांगायला घेतलं की पाद्रीबाबाचं खेचर घंटाघरात कसं चढलं. खेचर पायऱ्यांशी पोचलं आणि मी म्हटलं, माझी गाय व्यायलीय, जातो. गाय व्याली नव्हती. आता ते खेचर वर गेलं का, गेलं तर खाली कसं आलं, हे मला मरेपर्यंत कळणार नाही." त्याचा आवाज बसला. जंतांबद्दल बोलताना तो असा कधीच बसला नव्हता.

मागून गवंडी स्ताम्बोल म्हणाला, "वर गेलं. मला तिथून पुढचं सांगितलं होतं. वर गेलं आणि त्याने घंटेची दोरी चावायला सुरुवात केली. मग मी दार लावलं."

"मग पाद्रीबाबा रात्रीच्या टोपीत बाहेर आला," त्रेंदा म्हणाली. "पुढचं मला नाही माहीत. मी दुधाचं सांगितलं ना."

लोक एकमेकांना विचारू लागले. कुणाकडे सुरुवात होती, कुणाकडे मधला तुकडा होता. शेवट एकाकडेही नव्हता. मग सरपंचाच्या कवळीचं निघालं, जी कोबीच्या पिंपात सापडली होती. तिचाही शेवट कुणाकडे नव्हता. मीही उठून म्हटलं की माझ्या मीटरमधून आवाज यायचा, त्याचं कारण मिंचो सांगणार होता आणि मी त्याला दोनदा हाकललं. सगळं गाव त्याच्या अर्धवट गोष्टींनी भरलेलं होतं आणि आम्हाला ते आज कळत होतं. फार वाईट वाटलं.

शेवटी दोना उठली. "तुम्हाला झालंय काय? मघापासून 'होता', 'यायचा', 'सांगायचा'. माणूस आत उभा आहे."

आणि पडदा उघडला.

टाय घातलेला मिंचो हातात पाण्याचा पेला घेऊन उभा होता. त्रेंदा किंचाळली. खिडकीतले दोघे बाहेरच्या बाजूला पडले. डॉक्टर पान्तेलेई मटकन खाली बसला, तो गव्हाच्या थाळीत.

"मिंचो," स्ताम्बोल म्हणाला, "तू मेला नाहीस?"

"अजून नाही. मला विषय सुचत नव्हता."

पुढचा गोंधळ मी सांगत बसत नाही. वेनेताला पत्रक डोळ्यांसमोर धरून वाचायला लावलं, तिने वाचलं आणि ती पडद्यात तोंड लपवून उभी राहिली. दोना म्हणाली, "वेनेता, फोटो तरी चांगला निवडायचास." काही लोक चिडून उठले, फुलं परत मागू लागले. मिंचोने हात वर केला.

"जाऊ नका. मी आतून सगळं ऐकलंय. वेनेता म्हणते माहितीच्या व्याख्यानाचे चार प्रकार असतात. मला चारही जमले नाहीत. मी पाचवा निवडलाय, आत्ता, पाणी पिता पिता. नुसते शेवट सांगणार. डॉक्टर, खेचर खाली आलंच नाही. घंटाघर अरुंद, त्याला वळता येईना. सगळ्यांनी ओढून बघितलं. मग वर चारा दिला, पाणी दिलं, ते तिथेच राहिलं. ईस्टरच्या पहाटे घंटा वाजली, त्याला ती सहन झाली नाही, आणि ते पाठमोरं पायऱ्या उतरलं. थेट मिरवणुकीत, पाद्रीबाबाच्या पुढे. संपलं."

डॉक्टरने हळूहळू मान हलवली. इतक्या वर्षांचं काहीतरी त्याच्या पोटातून उतरल्यासारखं दिसत होतं.

"कवळी," मिंचो म्हणाला. "पिंपात सापडली ती सरपंचाची नव्हती. पण त्याने लावून बघितली तर स्वतःच्यापेक्षा चांगली बसली. तिच्यावर तो पुढची निवडणूक जिंकला. ती कुणाची होती, हे विचारायला आजवर कुणी आलेलं नाही." मागच्या रांगेत एका म्हाताऱ्याने तोंड मिटून घेतलं.

"सेव्दा, तुझ्या मीटरमध्ये रातकिडा होता. मी दर महिन्याला त्याला पावाचा चुरा टाकायचो. तू हाकलायचीस तेव्हा काळजी वाटायची ती त्याची."

असे त्याने शेवटामागून शेवट सांगितले. एकदाही आजोबा आले नाहीत. लोक उठून उभे राहून आपापला अर्धा तुकडा सांगायचे आणि तो त्याला शेपूट जोडून द्यायचा. आम्ही गव्हाची थाळी फिरवली, मग बानित्सा फिरवली, हसून हसून माझं पोट दुखलं. कुणी घरी गेलं नाही. मिंचोचा चेहरा लाल झाला होता आणि मान ताठ झाली होती. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, आणि तो ते चवीने खात होता.

मग पहिल्या रांगेतून दोना म्हणाली, "माझंही एक राहिलंय."

मिंचो थांबला.

"आमच्या आबांच्या अंगणात, तुतीखाली," दोना म्हणाली. "तू मीटर बघून झाल्यावर माझ्याकडे आलास. म्हणालास, दोना, वसंतापासून मी रोज या अंगणात बघतोय, मनात एक आहे, तुझ्या आबांना कसं विचारू कळत नाही. मी म्हटलं, हो, माझी तयारी आहे, आणि पळत घरात गेले. तुझं वाक्य राहिलं. पुढे काय म्हणणार होतास?"

मिंचोने टायची गाठ सैल केली. पाणी प्यायला, पेला रिकामा होता तरी. "राहू दे ना, दोना."

"लोक थांबलेत."

मी माझ्या जागेवरून त्याचे कान बघत होते. आधी लाल झाले, मग पांढरे पडले.

"शेळी," मिंचो म्हणाला. "तुमची पांढरी शेळी होती ना. ती विकत मागायला आलो होतो. एकदम विचारलं तर आबा भाव चढवतील, म्हणून लांबून सुरुवात केली. तू हो म्हणालीस. मग मला... मग मी विचार केला, शेळी काय, नंतरही मिळेल."

कुणी हसलं नाही. एवढ्या लोकांसमोर, पहिल्या रांगेत, लाल स्वेटर घालून बसलेल्या बाईला सांगायची ही गोष्ट नव्हती. त्याला आयुष्यभर शेवट सांगायचा होता, आणि हा शेवट सांगायला नको होता.

दोनाने मांडीवरची फुलं नीट केली.

"माहितीये मला," ती म्हणाली. "आबांनी सकाळीच सांगितलं होतं, मीटरवाला मिंचो शेळी मागायला येणारे, मी नसलो तर भाव सांगू नकोस. म्हणून तर मी तुला पुढे बोलू दिलं नाही."

मिंचोने तोंड उघडलं. त्यातून काहीही आलं नाही. गाव वाट बघत होतं, दोनाही पहिल्यांदाच वाट बघत होती, आणि तो नुसता तिच्याकडे बघत उभा राहिला.

डॉक्टर पान्तेलेईने पँटला चिकटलेले गहू झटकत विचारलं, "आणि शेळीचं काय झालं?"

"आमच्या लग्नात जेवलात की तुम्ही," दोना म्हणाली. "दोनदा वाढून घेतलं होतंत."